रद्द झालेल्या रविवारची लाथ

मी एक जुनी मालवाहू आकाशनौका आहे, आणि मित्रांनो, मी माझ्या मालकावर सूड घेतला. अगदी पोटभर घेतला. त्याच्या नव्याकोऱ्या लढाऊ जहाजाचे मी एका लाथेत बारा तुकडे केले आणि त्याचा सगळा माल घेऊन चिखलात जाऊन बसले.

हे रविवारी दुपारी घडलं. पण तो रविवार झालाच नाही, असं आमच्या कचेरीचं म्हणणं आहे. मी शिस्तीत वाढलेली नौका आहे. कचेरी म्हणते झाला नाही, म्हणजे झाला नाही. तेव्हा वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही असं समजा. मी सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म बेळगावात टिळकवाडीत, दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर झाला. तिथं तीन खोल्यांत 'नक्षत्रवाट' नावाचा खेळ तयार होतो. हजारो माणसं आपापल्या मोबाईलवरून एकाच आकाशात नौका चालवतात, या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर खनिज वाहतात आणि वाटेत एकमेकांना लुटतात. खेळातल्या नौकेला कचेरीतलं बोलणं कसं ऐकू येतं, असं कुणी विचारेल. शाळेच्या निबंधात फुटकी पाटी आणि फाटकी छत्री तुमच्याशी बोलत होत्या तेव्हा तुम्ही विचारलं नाही. आता माझ्याच वेळी विचारू नका.

माझं अंग शिवराजनं घडवलं. शिवराज वडगावच्या विणकर घरातला. त्याच्या घरी अजून माग चालतात. तो भांडतो मराठीत, पण मोजतो कन्नडमध्ये. त्यानं मला वजन दिलं, वेग दिला, पोटात चारशे टन माल मावेल एवढी जागा दिली. माझी गोष्ट मात्र परशराम गुरुजींनी लिहिली. गुरुजींनी कंग्राळीच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. खेळाची मालकीण पूर्णिमा त्यांचीच विद्यार्थिनी. प्रत्येक नौकेला एक वर्णन हवं, म्हणून तिनं ते काम गुरुजींकडं आणलं.

गुरुजींनी आकाशनौका कधी पाहिली नव्हती. आणि न पाहिलेलं लिहू नये, हे त्यांनी एकतीस वर्षं मुलांना बजावलं होतं. म्हणून त्यांनी पाहिलेलं लिहिलं. ते असं:

'मी परक्या हाताला वश होत नाही. पाठीवर तीन थापा पडल्याशिवाय पाऊल उचलत नाही. डाव्या अंगाला कुणी उभं राहिलेलं मला खपत नाही. चिखल दिसला की मला बसावंसं वाटतं. आणि ज्यानं मला बाजारात उभी केली, त्याला मी जन्मभर विसरत नाही.'

शिवराजनं ते दोनदा वाचलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "ही म्हस हाय."

"आहे," गुरुजी म्हणाले. "आमची चंद्री. मुलीनं इकडं फ्लॅट घेतला. फ्लॅटमध्ये म्हैस चालत नाही म्हणाले. मग नेली निपाणीच्या बाजारात."

"मग?"

"मग काय. लिहून दिलंय ना."

तर मित्रांनो, मी अशी जन्मले. अंगानं नौका, स्वभावानं चंद्री. पण स्वभाव नुसता लिहिलेला होता. यंत्रात त्याचा एक टाकासुद्धा नव्हता.

माझा मालक महादेव. तोही कंग्राळीचा, तोही गुरुजींच्याच हाताखालून गेलेला. सकाळी रताळ्याच्या मळ्यात, दिवसभर बेळगावात टू-व्हीलरच्या शोरूममध्ये, आणि उरलेला वेळ आकाशात. सुरुवातीला त्यानं मला फार जपलं. खंडेनवमीला त्यानं कुदळ, खुरपं, गाडी आणि मोबाईल एका ओळीत मांडले. मोबाईलवर मी उभी होते. माझ्या नाकाला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं ओलं फूल ठेवलं. त्या ओल्या फुलानं कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि मी आरतीच्या मध्येच सूर्याच्या दिशेनं निघाले. महादेवनं आरती सोडून मला वाचवलं. "लई गुणाची हाय," तो बायकोला म्हणाला होता. ते दिवस मी विसरलेले नाही. मी काहीच विसरत नाही.

मग त्यानं 'वाघनखी' आणली. चकचकीत, निमुळती, चार तोफांची. मला त्यानं खेळातल्या बाजारात उभी केली. आठ दिवस मी उभी होते. येणारे-जाणारे माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. एकानं बघितलं, पण तो वाट चुकलेला होता. नवव्या दिवशी महादेवनं मला परत नेलं आणि माझं आमिष केलं. मला पुढं सोडायचं, वडगावच्या खेळाडूंच्या टोळीनं मला फोडायचं, आणि ती माणसं मला फोडण्यात गुंग झाली की वाघनखीनं मागून झडप घालायची.

मी त्रेचाळीस वेळा फुटले.

आमच्या खेळात फुटलेली नौका तळावर पुन्हा उभी राहते. जन्मभर डूख धरायचा म्हटलं, तर माझे दुपारच्या जेवणापर्यंतच तीन-तीन जन्म उरकत होते. आणि सूड घ्यायचा तरी कशानं? माझ्या आकड्यांत वजन होतं, वेग होता. डूख नव्हता. डूख होता वर्णनात, आणि वर्णन कुणी वाचत नव्हतं. नौका घेताना ते समोर यायचं, लोक 'पुढे' दाबायचे. अकरा हजार माणसं खेळत होती आणि माझं वर्णन सात वेळा उघडलं गेलं होतं. चार वेळा गुरुजींनी, दोनदा कुणीतरी चुकून, एकदा पूर्णिमानं.

गुरुजी दर शनिवारी कचेरीत यायचे. चप्पल दाराशी काढायचे आणि विचारायचे, "किती?"

"सात," शिवराज सांगायचा.

एका शनिवारी ते खुर्चीत बसलेच नाहीत. "मग मी लिहिलं कशाला?" ते म्हणाले. "नौकेबद्दल लिहायचं एक, आणि तिनं वागायचं भलतंच. वर्गात असा निबंध कुणी आणला असता तर मी पुन्हा लिहायला लावला असता."

"गुरुजी, राग नका मानू," शिवराज म्हणाला. "गोष्ट ती गोष्ट. लोकं खेळाय येत्यात. सगळ्यांच्या नौका सारख्या चालल्या तरच खेळ सरळ हुतोय. मधीच एक म्हशीगत वागाय लागली तर लोकं मला शिव्या घालणार, तुमास्नी न्हाय."

त्याचं चुकत होतं असं नाही. मला फक्त तो आवडत नव्हता.

पूर्णिमा इतका वेळ खिडकीपाशी चहा घेत होती. ती म्हणाली, "शिवराज, तुमच्या मागावर साडी विणत्यात. तिची नक्षी मागनं डिंकानं डकवता काय रं?"

"न्हाय."

"मग कशी येती?"

"विणतानाच येती."

"मग ही गोष्टबी तशीच विण की."

घरच्या मागावरून बोललेलं शिवराजला लागलं. तो म्हणाला, "बरं. अक्षर न् अक्षर विणतो. एक धागा सोडत न्हाय. मागनं मला काय म्हणायचं न्हाय."

त्या क्षणी मला तो पहिल्यांदा आवडला. त्याच्या आवाजात मला माझ्याच जातीचं काहीतरी ऐकू आलं.

त्याच संध्याकाळी त्यानं काम पुरं केलं. सगळ्या मोबाईलवर सूचना गेली: 'वर्णन वाचूनच नौका चालवावी.' सगळ्यांनी 'पुढे' दाबलं.

आणि मग तो रविवार आला, जो आलाच नाही.

दुपारी तीन वाजता कंग्राळी आणि वडगाव यांची मोठी लढाई ठरली होती. दोन्हीकडचे लोक मटण जेवून बसलेले. माझ्या जातीच्या एकशे वीस नौका समोरासमोर उभ्या राहिल्या. तीन वाजले. एकही हलली नाही. मित्रांनो, बाजारातल्या म्हशींसारख्या आम्ही समोरासमोर उभ्या होतो आणि शांतपणे एकमेकींकडं बघत होतो.

महादेव मोबाईलवर अंगठा घासत होता. शेजारी त्याची बायको रूपाली पावटे सोलत बसली होती.

"काय झालं ओ?"

"हलंना झाल्या."

"चार्जिंग नसंल."

"चार्जिंग हाय."

"मग आत काय लिवलंय ते बघा की."

"ते कोण वाचतंय."

"आणा हिकडं. मी वाचते." तिनं हात पदराला पुसला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीला थांबली. "अवं, ही तर गुरुजींची चंद्री. मला लाथ मारलीवती हिनं, दूध आणाय गेलते तवा."

"काय म्हणतीया ते सांग."

"पाठीवर तीन थापा मारा म्हणतीया. आणि डाव्या..."

महादेवनं मोबाईल ओढून घेतला. पुढच्या ओळी रूपालीच्या तोंडातच राहिल्या. वर्गातही तो निम्मा धडा वाचून खेळायला पळायचा, असं गुरुजी सांगतात.

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. एक. मी वाट बघितली. दोन. मी सगळं आठवून घेतलं, पहिल्यापासून त्रेचाळिसाव्या वेळेपर्यंत. तीन.

वाघनखी माझ्या डाव्या अंगाला उभी होती.

लाथ कशी होती हे मी सांगणार नाही, कारण ती घडलेली नाही. वाघनखीचे बारा तुकडे झाले एवढंच सांगते. तेरावाही झाला असता, पण तो माझ्या अंगाखाली आला. मग मी महादेवचं महिनाभराचं खनिज पोटात घेऊन निघाले. समोर एक मोठा तांबूस तेजोमेघ पसरला होता. तेजोमेघ म्हणजे तरी काय, आकाशातला चिखलच. मी त्यात शिरले आणि बसले. महादेवनं थापा मारल्या, बटणं दाबली, शेवटी हातसुद्धा जोडले. पण म्हैस बसली की बसली.

"पुढचं वाचू काय?" रूपालीनं विचारलं. "ज्यानं मला बाजारात उभी केली..."

"नको," महादेव म्हणाला.

तोवर सगळ्या आकाशात लाथा चालू झाल्या होत्या. आणि मग ती गोष्ट घडली जी माझ्या जन्मात घडली नव्हती. लोक वाचायला लागले. आधी शंभर, मग पाचशे. एकमेकांना ओळी पाठवायला लागले. टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये गुरुजी मोबाईलवर आकडा बघत बसले होते. त्यांनी पूर्णिमाला फोन लावला.

"पूर्णिमा, ते मोजणारं यंत्र बिघडलंय का बघ जरा. चौदाशे बावीस दाखवतंय."

"बिघडलं न्हाय गुरुजी. वाचाय लागल्यात."

मग गुरुजी म्हणाले, "शुद्धलेखन तपासलं होतं ना गं?"

हे सगळं अकरा मिनिटं चाललं.

मग तक्रारी आल्या. खेळ सोडून जातो म्हणणाऱ्यांची रांग लागली. पूर्णिमानं डोकं धरलं आणि रोलबॅक करायला सांगितलं. रोलबॅक म्हणजे सगळा खेळ आदल्या दिवशी होता तसा करून ठेवायचा, पुढचं काही घडलंच नाही असं धरायचं. शिवराजनं एक बटण दाबलं. वाघनखी अखंड झाली. मी तळावर आले. माझा स्वभाव उसवला गेला आणि माझ्यात पुन्हा नुसतं वजन आणि वेग उरला. 'बघ, मी म्हणलं नव्हतं' असं शिवराज म्हणेल, असं मला वाटलं होतं. त्यानं पडदा बंद केला आणि घरी गेला.

सोमवारी गुरुजी आले. सोमवार त्यांचा वार नव्हता. चप्पल दाराशी काढली.

"किती?"

शिवराजनं पडद्याकडं बघितलं. हा आकडा त्याला मराठीत सांगवेना. "एळु," तो म्हणाला.

गुरुजींना कन्नड येतं. एळु म्हणजे सात. ते "बरं" म्हणाले, समोरचा चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला आणि गेले.

आता तुम्ही म्हणाल, रोलबॅक झाला तर तुला हे आठवतं कसं? नियमानं मलाही काही आठवायला नको. पण कचेरीनं माझे आकडे बदलले, वर्णन बदलायचं राहिलं. त्यात अजून लिहिलेलं आहे की मी जन्मभर विसरत नाही. आणि गुरुजींनी लिहिलेलं मी मोडत नाही.

महादेवही विसरलेला नाही. आता तो मला सुरू करायच्या आधी पाठीवर तीन थापा मारतो. त्याची काही गरज नाही, यंत्राला त्या कळतच नाहीत. वाघनखी तो माझ्या उजव्या बाजूला आणि बरीच लांब उभी करतो. कंग्राळीचे सगळे थापा मारतात, वडगावचेही मारतात. शिवराज नोंदी बघतो आणि म्हणतो, "ह्या थापांचं काय करू? खेळात ह्यांना कामच न्हाय."

"असू देत," पूर्णिमा म्हणते.

पण माझं समाधान झालं असं समजू नका. त्रेचाळीस वेळा फुटले त्याला तीन थापा हा हिशेब मला मान्य नाही. आणि गुरुजींवर माझा डूख आहे की नाही, तेही मी अजून ठरवलेलं नाही. त्यांनी मला लिहिलं खरं. पण बाजारात चंद्रीचा कासरा कुणाच्या हातात होता, तेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

मित्रांनो, 'पुढे' दाबण्याआधी समोर जे लिहिलं आहे ते वाचत जा. सगळं वाचा, निम्मं नको. निम्मं वाचणाऱ्याच्या डाव्या अंगाला नेहमी काहीतरी महागाचं उभं असतं.

याउपर मी कचेरीकडं रीतसर अर्ज केला आहे. तो असा:

'मा. व्यवस्थापक, नक्षत्रवाट, टिळकवाडी, बेळगाव यांस. अर्जदार: मालवाहू नौका, एक नग. विषय: रद्द रविवार परत मिळणेबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर रविवारची दुपारी तीन ते तीन वाजून अकरा मिनिटे ही वेळ पूर्ववत नोंदीत घ्यावी. सदर वेळेतील लाथ अर्जदाराच्या नावे जमा करावी. श्री. परशराम गुरुजी यांचे चौदाशे पंधरा वाचक त्यांना परत करावेत.

तसेच, एक दिवस मागे नेण्याची सोय आपल्या कार्यालयात उपलब्ध असल्याचे दिसून आले आहे. तरी तीच सोय निपाणीच्या बाजाराच्या दिवसालाही लागू करून, चंद्री नावाची म्हैस आदल्या संध्याकाळी होती तशी, कंग्राळीच्या गोठ्यात, उजव्या खुंट्याला बांधून मिळावी, ही नम्र विनंती.'