घोड्या, सांग त्याला

मी एक जुना घोडा आहे. मित्रांनो, लगेच शेपूट शोधू नका. मला शेपूट नाही, आयाळ नाही आणि मी चणे खात नाही. रंगारी ज्याच्यावर चढून भिंती रंगवतो, तो दोन्हीकडे पाय फाकवून उभा राहणारा पायऱ्यांचा लाकडी घोडा असतो ना, तो मी. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझा स्वभाव चांगला नाही. ज्याला गोडगोड ऐकायचं असेल त्याने साखरेच्या डब्याकडे जावं.

मला बनवणारा सुतार त्या वेळी कोणाशी तरी भांडत होता. एक खिळा, एक शिवी, असं काम चाललं होतं. तो तिखटपणा माझ्या अंगात मुरला असावा.

पुढे मी एका रंगाऱ्याकडे गेलो. तोही काही संत नव्हता. रंगाचे हात मलाच पुसायचा आणि जेवायला बसताना मला लाथेने बाजूला सारायचा. पण वर चढण्याआधी माझ्या दोन पायांना बांधणारी दोरी रोज ओढून बघायचा. ती दोरी म्हणजे माझा जीव. ती तुटली की माझे पाय घसरतात आणि वरचा माणूस धाडकन खाली येतो. खोलीत शिरल्याशिरल्या तो खिडक्या उघडायचा, मग घरमालकीण धुळीच्या नावाने कितीही कुरकुरू दे. माझ्या सगळ्यात वरच्या फळीवर तो डबा ठेवायचा, पाय कधी ठेवला नाही. मला वाटायचं, भित्रा आहे मेला. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्याने मला जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन टाकलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

त्या दुकानातून मला उचललं एका जावयाने. त्याच्या घरात तीन माणसं होती. तो, त्याची बायको आणि बायकोचे वडील. म्हणजे सासरे आणि जावई एकाच छपराखाली. आणि मित्रांनो, त्या दोघांचं बोलणं बंद होतं!

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. जावयाने एकदा भिंतीला फळी ठोकली होती. ती फळी निघाली आणि सासऱ्यांच्या पायावर पडली. म्हातारबुवा पाय धरून ओरडले, "साधा खिळा ठोकता येत नाही याला!" एवढंच. त्या दिवसापासून दोघांचं तोंड एकमेकांच्या विरुद्ध दिशेला. जे काही बोलायचं ते मधल्या बाईमार्फत. एकाच टेबलावर समोरासमोर बसून सासरे म्हणायचे, "सांग तुझ्या नवऱ्याला, मीठ इकडे दे म्हणावं." जावई म्हणायचा, "सांग तुझ्या बाबांना, मीठ त्यांच्या कोपरापाशीच आहे." ती बिचारी दोघांना सांगून सांगून वाळून गेली होती.

सुट्ट्या जवळ आल्या तशी जावयाला घर रंगवायची हौस आली. रंगारी नको, मी स्वतः करणार! खिळ्याचं उट्टं त्याला रंगाने काढायचं होतं. मला घरी आणलं तेव्हा माझी दोरी कुजून गेली होती. त्याने काय केलं असेल? सासऱ्यांच्या जुन्या पायजम्याची नाडी ओढून काढली आणि ती माझ्या पायांना बांधली! माझ्यासारख्या खानदानी घोड्याला नाडी! मला इतका संताप आला की तेव्हाच मोडून पडावंसं वाटलं.

मग खरेदीचा दिवस उजाडला. बायको बाजारात निघाली. सुट्टीच्या दिवसांत बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा सासऱ्यांनी दारातच तिला धरलं. "पिशवी पाठीला नको, पोटाशी धर. पैसे एका जागी ठेवू नकोस. फोन अजिबात हातात घेऊन फिरू नकोस, अगदी तळाशी टाक आणि वरून चेन लाव. गर्दीत चोरांचं चांगलं फावतं."

"हो बाबा."

"तळाशी, बरं का!"

"हो हो बाबा, तळाशी," असं म्हणत तिने फोन तळाशी टाकला, चेन लावली आणि ती गेली.

आता घरात उरले ते दोघे आणि निरोप सांगायला कोणीच नाही. तुम्हाला वाटेल, चला, आता तरी बोलतील. कसले बोलतात! म्हातारबुवा मागच्या खोलीच्या दारात आले. मी तिथे उभा होतो आणि जावई माझ्यावर चढून माळ्याची दारं तेलरंगाने रंगवत होता. खाली रंग पातळ करायच्या थिनरचा डबा उघडा. सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "घोड्या, सांग त्याला, माझ्या पायजम्याची नाडी मुकाट्याने परत कर म्हणावं."

जावयाने ब्रश थांबवला नाही. "घोड्या, सांग त्यांना, नवीन आणून देईन म्हणावं."

झालं! मी निरोप्या झालो. कोणी विचारलंसुद्धा नाही मला. मी लाकूड आहे, मला तोंड नाही, एवढं कळायला फार हुशारी लागते का? पण दोघांना सोय झाली.

त्या खोलीला एकच दार, दाराला लागूनच गज लावलेली एक खिडकी, आणि दोन्ही मागच्या गॅलरीत उघडणारी. सासरे आत आले आणि त्यांनी खिडकी लावली. "घोड्या, सांग त्याला, सुट्टीच्या दिवसांत लोक खरेदीला जातात आणि चोर घरं हेरतात. गजांतून काठी घालून कडी काढतात. उघडी खिडकी म्हणजे चोराला आमंत्रण."

जावई उतरला आणि त्याने खिडकी उघडली. "घोड्या, सांग त्यांना, रंगाच्या वासाने डोकं धरतं. वारा लागतो."

सासऱ्यांनी लावली. जावयाने उघडली. पुन्हा लावली. मित्रांनो, दोघांचंही म्हणणं खरं होतं आणि दोघेही गाढव होते. खिडकी उघडी ठेवून एकाने गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं, विषय संपला. पण हे सांगायचं कोणी? मी?

शेवटी जावयाचं डोकं फिरलं. "घोड्या, सांग त्यांना, राहू दे खिडकी बंद! दारही बंद करतो. चोर नको यायला आणि कटकटही नको!" असं म्हणून त्याने सासऱ्यांना बाहेर काढलं, त्यांच्या तोंडावर दार आपटलं आणि आतून कडी लावली.

"घोड्या, सांग त्याला, गेला उडत म्हणावं!" बाहेरून आवाज आला.

मग आम्ही दोघेच. रंगाचा वास खोलीत साचत गेला. चढणाऱ्याचे तळपाय मला बरोबर कळतात. सुरुवातीला त्याचे पाय घट्ट होते. हळूहळू ते जड झाले, मग लटपटू लागले. मध्येच तो कपाळ धरून थांबला. त्याने खिडकीकडे पाहिलं. उतरून ती उघडायला किती वेळ लागला असता? पण म्हाताऱ्याला कळलं असतं ना, की याने हार मानली! मग या शहाण्याने काय केलं, तर कोपऱ्यातला राहिलेला तुकडा पटकन उरकून टाकावा म्हणून तो माझ्या सगळ्यात वरच्या फळीवर चढला. माझ्या रंगाऱ्याने जिथे जन्मभर पाय ठेवला नाही, तिथे हा चक्कर आलेला माणूस उभा राहिला. मला इतका राग आला होता आणि इतकी भीतीही वाटली की काय सांगू. त्याचा तोल गेला, माझे पाय ताणले गेले आणि ती नाडी पटकन तुटली.

मी फाकलो. माझा मागचा पाय कडकन मोडला. तो माळ्याच्या कडेवर आपटून खाली पडला आणि थिनरचा डबा त्याच्या शेजारी आडवा झाला. कपाळातून रक्त आलं. तो हलेना. थिनर फरशीवर पसरत चाललं आणि वास एवढा वाढला की माझ्यासारख्या लाकडालाही मळमळलं असतं.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दाराशी पावलं आली. आणि मग म्हाताऱ्याचा आवाज: "घोड्या, काय पडलं रे?"

मी काय सांगणार?

"घोड्या, विचार त्याला, लागलं का म्हणावं."

पुढे तर या माणसाने कळस केला. त्याने खिशातून फोन काढला आणि लेकीला लावला. बाजारात! नवरा दाराच्या पलीकडे पडलाय, आणि त्याला लागलंय का हे विचारायला बायकोला फोन! सवयच तशी झाली होती. फोन वाजत राहिला. "उचल गं पोरी, उचल." पुन्हा लावला. पण फोन होता पिशवीच्या तळाशी, चेनच्या आत, वर सगळी खरेदी. चोराला सापडला नाही हे खरं, पण तिलाही ऐकू आला नाही.

तेव्हा कुठे म्हातारबुवांच्या लक्षात आलं की आता सांगायला कोणीच नाही. त्यांनी दारावर थाप मारली. तोंड उघडलं आणि अडलं. जावयाला हाक काय मारायची, हेच ते विसरले होते! "तो", "तुझा नवरा" याशिवाय त्यांच्या तोंडी दुसरं काही उरलं नव्हतं. "अहो," ते म्हणाले. "अहो, ऐकलंत का?" बायको नवऱ्याला हाक मारते तसं. एरवी मी हसून हसून मोडलो असतो, पण मी आधीच मोडलेला होतो.

"अहो... जावईबापू! जावईबापू, दार उघडा हो! चुकलं माझं, उघडा!" म्हातारा रडकुंडीला आला होता.

मग काच फुटली. सासऱ्यांनी छत्रीने स्वतःच लावलेली खिडकी फोडली. वारा आत आला. पाठोपाठ गजांतून छत्रीची वाकडी मूठ आत आली आणि दाराची कडी चाचपू लागली. चोर काठी घालून कडी काढतात म्हणे! तेच काम म्हातारबुवा करत होते, घामाने निथळत, काचेने मनगट कापलेलं. कडी निघाली. त्यांनी जावयाला काखेत धरून गॅलरीत ओढलं. जाताना माझ्या मोडक्या पायावर पाय दिला, ते सोडा.

शेजारच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. जावयाच्या कपाळाला टाके घातले, सासऱ्यांचं कापलेलं मनगट बांधलं. म्हणाल्या, "अजून थोडा वेळ त्या वासात पडून राहिले असते, तर मला बोलावून उपयोग झाला नसता."

तेवढ्यात बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आली. सगळ्या पिशव्या तिथेच खाली पडल्या. नवऱ्याचा श्वास चाललाय हे पाहिल्यावर तिने फुटकी काच आणि गजांत अडकलेली छत्री पाहून विचारलं, "खिडकी कोणी लावली?"

सासरे काचा गोळा करू लागले.

"दाराला कडी कोणी घातली?"

जावयाने डोळे आणखी घट्ट मिटले.

"आणि इतका वेळ दोघांपैकी एकालाही तोंड नव्हतं?" एवढं म्हणून ती पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली.

जावयाने डोळे उघडले, सासऱ्यांकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला, "काच फोडलीत ना शेवटी?"

"मग काय तुम्हाला रंगासारखं आत वाळत घालायचं होतं?" सासरे कडाडले.

पुढे काय, गळ्यात गळे पडले असं वाटतं का तुम्हाला? छे! ते आता रोज भांडतात. पण समोरासमोर. "तुम्हाला काय कळतं?" "तुम्हाला तरी काय कळतं?" मला इथे मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी सगळं ऐकू येतं. कारण मला इथे आणून टाकलंय. "हा घोडाच खराब आहे," जावई म्हणाला. "अगदी बरोबर," सासरे म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचं पहिलं एकमत झालं ते मला फेकण्यावर!

असो. मित्रांनो, घरी रंग द्यायचा असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, थिनरचा डबा झाकून ठेवा, माझ्या भावंडांची दोरी ओढून बघा आणि वरच्या फळीवर मिरवू नका. खरेदीला गेलात तर पिशवी पोटाशी धरा, पण फोन असा ठेवा की घरच्यांची हाक ऐकू येईल. कोणाशी कट्टी असेल तर खुशाल असू द्या, मला काय त्याचं? पण जिवाचा प्रश्न असेल तेव्हा त्याच्याशीच बोला. माझ्याशी नको. त्या दिवशी मी त्याच्या अगदी शेजारी पडलो होतो. त्याचं रक्त माझ्या पायरीला लागत होतं. आणि दाराबाहेर उभा राहून म्हातारा मलाच विचारत होता, "घोड्या, काय पडलं रे?"