फळ्यावरचा पाचवा उपयोग

"सांगा बघू, लिंबू कशाकशाला लागतं?"

दत्तोपंत मास्तरांनी हातातलं लिंबू बिगारीच्या पोरांना दाखवलं. नागुबाई दारातच उभी होती. मास्तरांनी मागितलेली परसातली चार लिंबं देऊन झाली होती, तंबाखूच्या वखारीत परतायला हवं होतं. पण पाय निघेना. दुसऱ्या ओळीत शालू बसली होती.

फळ्यावर: १. लोणचे.

शालू तिच्याच पोटची. प्लेगात नवरा गेला तेव्हा दीड वर्षाची पोर तिनं थोरल्या जावेच्या ओटीत घातली. जावेला मूल नव्हतं, हिला वखारीशिवाय गती नव्हती. आता शालू हिलाच काकू म्हणते.

२. सरबत.

"पितळंचा तांब्या घासाय," एक पोरगी म्हणाली.

३.

"दाराला बांधाय. भूत येत न्हाय."

"तुमच्यात तर घरातच हाय की, तुजी आज्जी."

४. मास्तर हसू दाबत लिहीत राहिले. मग म्हणाले, "शालू, काकूकडं अजून एक दिसतंय, घेऊन ये."

शालू आली. नागुबाईनं लिंबू पुढं केलं. पोरीनं नाक धरलं.

"काकू, तुज्या हाताला लई तंबाखूचा वास मारतोय गं."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी लिंबू चिरून अर्धी फोड नागुबाईला दिली. "यालाही लिंबूच. चोळा बाई, पोरांना बघू दे."

तंबाखूनं भेगाळलेल्या तळव्यात रस उतरला.

"झोंबतंय?"

"न्हाय."

मास्तरांनी तांब्यातलं पाणी ओतलं. "शालू, आता बघ."

शालूनं तिच्या उजव्या तळव्यात नाक खुपसलं. ऊन ऊन श्वास. चार वर्षांत पहिल्यांदा.

"आता लिंबाचा येतोय," शालू म्हणाली. पुन्हा एकदा हुंगलं.

नागुबाईची बोटं आपोआप पोरीच्या गालावर मिटली. गाल मऊ होता, थोडा धुळीचा.

"सोड की काकू."

तिनं सोडलं.

५. हाताचा वास जातो.

दुपारभर वखारीत नागुबाई डाव्या हातानंच पानं निवडत होती. ढीग उरकेना.

"उजव्याला काय झालं गं?" शेजारच्या बाळाबाईनं विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली, आणि हात पदरात आणखी आत घेतला.