नव्या मुकादमानं मला ओळखलंच नाही

इकडं, खाली बघा, टेबलाखाली! मी बोलतेय, म्हातारी हार्ड डिस्क. शिकलेली नाही मी. पोटात काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, नुसतं सांभाळता येतं.

या घरातल्या थोरल्यानं मला आणलं, तेव्हा मी चकचकीत होते. त्यानं आपल्या हौसेनं एका वेगळ्याच पद्धतीनं माझ्यात फायली रचल्या. त्या रचण्याला फाइल सिस्टम म्हणतात. ती सगळ्यांना उलगडत नाही, म्हणून त्यानं संगणकात एक दुभाष्या बसवला, छोटासा प्रोग्रॅम. मी मधूनच उगाच कटकट वाजायची. थोरला दचकायचा. मजा यायची!

त्याची आई बस स्टँडवर गाड्या पुकारायची. घरीसुद्धा तेच. "आंघोळीची गाडी सुटतेय, थोरले चिरंजीव आहेत कुठं?" मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार होता. म्हणून ती रोज माइकपुढं बसून बोलली, नि ते सगळं माझ्या पोटात आलं. त्यावरून पुढं संगणक तिच्याच आवाजात बोलणार होता.

ऑपरेशन झालं. आई घरी आली, पण मुकी.

थोरला कामाला बसला, तर आधी कर्नल अपग्रेड केलं. कर्नल म्हणजे संगणकाचा मुकादम. त्यात थोरल्याला साफसफाईचा भारी सोस. जुना मुकादम लगेच पुसला. त्याच्याबरोबर त्याच्या हाताखालचा बिचारा दुभाष्याही गेला.

नव्यानं मला हाक मारली. मी ओ दिली, त्याला कळेना. माउंट होत नाही, म्हणजे डिस्क उघडत नाही, असं पडद्यावर आलं. थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला बोलू, मला हसू फुटलं. म्हटलं, जिरली बेट्याची!

त्यानं केबल बदलली. संगणक बंद केला, चालू केला. मला टपल्या मारल्या. "खपली वाटतं म्हातारी." तेवढ्यात पडद्यावर विचारणा आली, फॉरमॅट करू का?

"करून बघतो," थोरला म्हणाला.

"दादा, हात काढ!" धाकटी बहीण धावली. "फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी! आईचा आवाज दुसरीकडं कुठं ठेवलायस का?"

थोरला डोकं खाजवायला लागला.

"बोल की! ऑपरेशन तुझं झालंय का?"

आई दारात उभी होती. सवयीनं ओरडायला तिनं तोंड उघडलं. नुसती हवा आली.

माझं हसू तिथंच विरलं. तिचा शब्दन् शब्द माझ्यापाशी, आणि मी दात काढत बसले होते!

"डिस्क धडधाकट आहे, ऐक, फिरतेय," धाकटी म्हणाली. "नव्या कर्नलला तिची भाषा येत नाही, एवढंच. त्याच्यासाठी दुभाष्या परत बनव."

दोघं भांडत भांडत बसली. चहा गार झाला. एकदा फसलं, पुन्हा फसलं. मग उघडले बाई मी!

"चालू आहे का रे हे? लाल दिवा लागलाय. बरं, ऐका मग..." खोलीत आवाज घुमला. आईनं आपल्या गळ्यावर हात ठेवला आणि आवाज संपेपर्यंत काढला नाही.

धाकटीनं लगेच दोन ठिकाणी प्रती केल्या. आता मला फारसं काम नाही. आई रोज मला फडक्यानं पुसते. तिला वाटतं, तिचा आवाज मी जपला.

जाता जाता एवढं ऐका. गप्प दिसलं म्हणून कुणाला रिकामं समजू नका. आणि मी हसले होते, ते आईला सांगू नका. पुसताना तिचा हात फार हलका असतो हो.