पान तीनशे चारच्या पुढे

मी तीनशे चार पानांचं पुस्तक बोलतोय. छापखान्यातून निघालो तेव्हा तीनशे वीस पानांचा होतो. शेवटची सोळा पानं माझ्याजवळ नाहीत, म्हणून तर आज तोंड उघडलंय.

नाव सांगत नाही. नाव ऐकलं रे ऐकलं की लोक म्हणतात, "हो हो, वाचलंय!" आणि लगेच दुसरा विषय काढतात. पंचेचाळीस वर्षं हेच बघत आलोय.

जन्म पुण्याचा, साल एकोणीसशे अकरा. पार्सलात बांधून मला ग्वाल्हेरला धाडलं. इथे शहराच्या लष्कर भागात, दालबाजारामागच्या गल्लीत, मराठी मंडळींचं वाचनालय होतं. दरबारानं दोन खोल्या दिल्या होत्या. खाली डाळ-तांदळाची पोती आणि हिंदीतली हुज्जत, जिना चढून वर आलं की मराठी. माझ्या अंगावर शिक्का बसला, नंबर पडला आणि मी कपाटात जाऊन बसलो.

माझ्यातली गोष्ट साधी आहे. कोकणातल्या एका बंदरगावी दुर्गा आणि वासू ही बहीणभावंडं. बाप गेल्यावर दोघांचं बिनसतं. बोलणं बंद होतं. मग एक दिवस वासू गलबतानं कायमचा परमुलखात निघतो. दुर्गेला हे कळतं. बस, एवढंच. पण लोक मला रडत रडत वाचायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

वाचनालयाचे ग्रंथपाल भालचंद्रपंत. माणूस देवभोळा, पण नियमाचा कडक. त्यांचा एक नियम साऱ्या लष्करात गाजलेला: जुनं पुस्तक परत करताना त्याचा शेवट सांगायचा, तरच नवं मिळेल. "पुस्तक नुसतं हाताळायला नाही, वाचायला देतो आम्ही," म्हणायचे. लोकांना त्या नियमाचा केवढा अभिमान! इंदूरचे पाहुणे आले की त्यांना मुद्दाम सांगायचे.

आता आतली गोष्ट सांगतो. अर्धे लोक जिन्यातच एकमेकांना शेवट विचारून घ्यायचे. काहीजण प्रस्तावनेवरून अंदाज ठोकायचे. काहीजण एका पुस्तकाचा शेवट दुसऱ्याला चिकटवायचे. आणि पंत? पंत गंभीरपणे मान डोलवायचे, कारण त्यांनाही कुठे सगळं आठवत होतं! पण "आठवत नाही" हे शब्द त्या खोलीत कुणी उच्चारले नाहीत. ते म्हटलं की पुस्तक बंद आणि चारचौघांत मान खाली.

माझ्या नशिबात जगदेवराव आले ते पलटणी मोडल्या त्या साली. संस्थान विलीन झालं होतं, मध्यभारत प्रांत झाला होता, आणि संस्थानी फौजेतल्या कित्येकांना घरी बसवलं होतं. जगदेवराव सुभेदार होते. मी आठवडाभर त्यांच्या उशाशी पडून होतो. एकशे नव्वदाव्या पानापर्यंत आले आणि त्याच दिवशी हातात कागद पडला, की तुमची नोकरी संपली. त्यानंतर त्यांनी मला उघडलं नाही. भिंतीकडे तोंड करून निजायचे. शनिवारी मात्र इस्त्रीचा कोट घालून वाचनालयात गेले आणि पंतांना ठणकावून सांगितलं, "शेवटी भाऊ गलबत थांबवून बहिणीच्या घरी येतो." पंतांनी मान डोलावली. मला हसू आलं होतं तेव्हा. काय करणार, मेलं हसूही छापून येत नाही.

मग बावन्न साली खोल्या गेल्या. नव्या सरकारला त्या दप्तरासाठी, म्हणजे कचेरीसाठी, हव्या होत्या. आम्हा सगळ्यांना ठेल्यावर रचून दुसऱ्या गल्लीतल्या एका माडीवर नेलं. ठेलेवाला म्हणाला, "बाबूजी, सब आ गया, एक भी नहीं गिरा." पुस्तक एकही पडलं नव्हतं, खरं. पण माझी शिवण जुनी, तिचा दोरा वाटेत तुटला आणि शेवटची सोळा पानं कुठेतरी घरंगळली. तिळाची गजक विकणाऱ्यानं त्यांच्या पुड्या बांधल्या असतील. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तुम्ही म्हणाल, पानं गेली तर गेली, तुला स्वतःला तर शेवट ठाऊक असेल. नाही हो! आमचं तसं नसतं. डोळ्यांसमोर घडलेलं आम्हाला आठवतं, पण पोटातली गोष्ट पानांतच असते. पान गेलं की तीही जाते. माझी गोष्ट आता इथे थांबते: 'दुर्गेने उंबरठ्यावर पाऊल ठेवले आणि'. त्यापुढे पुठ्ठा.

छपन्न सालच्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी, शरयूताई आल्या. गुरुवारची दुपार बायकांची. शरयूताई शहरातल्याच हजीरा भागात राहायच्या, पंचेचाळिशीच्या, अंगानं किरकोळ, बोलायला तुटक. त्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, "पंत, नवं नको. ते दुर्गा-वासूचं द्या."

मला हातात घेऊन त्यांनी थेट शेवट उघडला. 'आणि' पर्यंत वाचलं, पान उलटलं, आणि पुठ्ठ्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"पंत, पुढची पानं?"

पंतांनी चष्मा पुसला, मला उलटसुलट केलं. "अरे देवा! ठेल्यावर गेली वाटतं."

"रमाकांत रविवारी भोपाळला चाललाय," शरयूताई म्हणाल्या. "नवा प्रांत होतोय, राजधानी तिथे, म्हणून त्याचं सगळं दप्तरच तिकडे हललं. बिऱ्हाड घेऊन चाललाय, कायमचा. आठ वर्षं झाली, आम्ही बहीणभाऊ बोलत नाही."

का बोलत नव्हते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे वडील, आबा, गेले तेव्हा रमाकांतांनी बहिणीला आधी निरोप धाडला नाही. लष्कर ते हजीरा, टांग्यानं कितीसं अंतर! पण रडारड होईल, आबांना त्रास होईल, म्हणून त्यांनी प्राण गेल्यावर माणूस पाठवला. शरयूताईंनी मयतीच्या घरीच सांगितलं, आता तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.

"लहानपणी आम्ही दोघांनी मिळून वाचलं हे पुस्तक," त्या म्हणाल्या. "एका पाटावर बसून. त्याचं आधी व्हायचं. मग माझं होईपर्यंत पानाचा कोपरा चिमटीत धरून बसायचा बिचारा. ते सगळं आठवतं मला. शेवटी दोघं रडलो, तेही आठवतं. पण दुर्गा बंदरावर गेली की नाही, तेच आठवत नाही. पंत, तुम्ही वाचलंय ना? ती जाते का हो?"

पंतांनी तेव्हा "आठवत नाही" म्हणायला हवं होतं. पण पंचवीस वर्षं दुसऱ्यांना शेवट विचारलेला माणूस तो! म्हणाले, "शेवट गोड आहे. एवढं नक्की."

बाजूला सुधाताई पुस्तक बदलायला थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाते ना! धावत जाते. पण तोवर गलबत सुटून गेलेलं असतं. मी तर इतकी रडले होते, क्या बताऊँ!" सुधाताईंनी मला शेवटपर्यंत वाचलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या महिन्यात त्यांनी आणखी चार पुस्तकं वाचली होती. तो शेवट माझा की दुसऱ्या कुणाचा, देव जाणे.

शरयूताईंचा चेहरा पडला. तेवढ्यात वर्तमानपत्रांच्या टेबलापासून जगदेवरावांचा आवाज आला. ते रोज तिथेच बसायचे, बायकांची वेळ असो की नसो. दुसरं जाणार तरी कुठे?

"सुधाताई, काय बोलता! बिलकुल नाही. भाऊच येतो. गलबत थांबवून घरी येतो बहिणीच्या. पक्कं याद आहे मला."

"म्हणजे तिला जावं लागत नाही?"

"बिलकुल नाही! तुम्ही निश्चिंत घरी बसा ताई. रमाकांत येऊन जाईल."

अहो, एकशे नव्वद पानं! एकशे नव्वद पानं वाचली होती या माणसानं! मी आतून आक्रोश केला, पण पुस्तकाचा आक्रोश कुणाला ऐकू येतो? आणि जगदेवराव खोटं बोलत नव्हते, हे आणखी वाईट. सांगून सांगून त्यांना तेच खरं वाटायला लागलं होतं.

शरयूताई मला घरी घेऊन गेल्या. रविवारी पहाटे उठून बेसनाचे लाडू केले, वाटेच्या शिदोरीसाठी. डबा भरला, नवं पातळ नेसल्या आणि पुढच्या खोलीत बसल्या, दार उघडं टाकून. मी कोनाड्यात होतो. टांगा वाजला की उठायच्या, पुढे गेला की बसायच्या. त्यांचे यजमान एकदा म्हणाले, "अगं, मी टांगा आणतो. स्टेशनवर जाऊ चल." तर म्हणाल्या, "तो येईल." गाडी तीनची होती. साडेतीनला त्यांनी उठून दार लावलं. लाडू शेजारी वाटून टाकले.

पुढच्या रविवारी भाऊबीज होती. घरी भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. आठ वर्षं शरयूताईंनी तेही केलं नव्हतं. त्या वर्षी केलं. मग ठरवलं, संक्रांतीला तिळगूळ पाठवायचा, सोबत पत्र लिहायचं. संक्रांतीला चार दिवस असताना भोपाळहून तार आली. रमाकांत दप्तरातच खुर्चीवर गेले होते.

चैत्रात त्यांच्या पत्नी विमलताई ग्वाल्हेरला आल्या. रमाकांतांच्या सामानात वाचनालयाचं एक पुस्तक गेलं होतं, ते परत करायला नणंद-भावजय मिळून आल्या. पंतांनी सवयीनं तोंड उघडलं, शेवट विचारायला, आणि तसंच मिटलं. शरयूताईंनी मलाही परत आणलं होतं. विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"हेच का ते पुस्तक, वन्सं? गाडी सुटेपर्यंत हे दारातच उभे होते. सामान मी एकटीनं लावलं. म्हटलं, आत या. तर म्हणाले, 'येईल गं ती. पुस्तकात आली होती.' स्टेशनजवळचा पडावचा पूल मागे गेला, तरी दारातच."

मग जगदेवराव टेबलाचा आधार घेत उठले. "ताई, मी वाचलंच नव्हतं शेवटपर्यंत. पलटण मोडली आमची. डोळ्यांसमोर अक्षर ठरेना." आणि तो आडदांड सुभेदार सर्वांदेखत रडायला लागला.

शरयूताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सुधाताई 'जाते' म्हणाल्या होत्या, जगदेवराव. मीच तुमचं ऐकलं. मला जायला नको होतं ना, म्हणून."

त्यांनी पंतांकडून पेन्सिल मागून घेतली. मला उघडलं, आणि त्या 'आणि' च्या समोर, पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या कागदावर लिहिलं: 'ती गेली नाही.'

आता तेच माझ्या पोटात आहे, म्हणून तेच मला आठवतं. पंतांचा नियम त्या दिवसापासून बंद झाला. वाचक भोपाळला, इंदूरला पांगले. आम्हा सगळ्यांचे गठ्ठे बांधून ठेवलेत, आणि माझ्या गठ्ठ्याला उद्या कुठे नेणार, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून जाता जाता तुम्हाला विचारतो. तुमच्यापैकी कुणी मला पूर्ण वाचलं असेल, तीनशे विसाव्या पानापर्यंत, तर मला सांगा हो, दुर्गा गेली होती का? रमाकांतांना बरोबर आठवत होतं का? फक्त एक हात जोडून मागणं आहे. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आणि पक्कं आठवत असेल, ती गेली होती हे अगदी पक्कं आठवत असेल, तर शरयूताई नसतील तेव्हा सांगा.