अठरा तारा

"अठरा मुली आणि अठरांचं उत्तर पाच ओहम? मला काय खुळा समजता?" परीक्षक सितालींनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "ही सरळसरळ कॉपी आहे. अख्खं केंद्र रद्द करावं लागेल."

मोंगू गावातल्या मुलींच्या त्या शाळेत भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक नुकतंच संपलं होतं. मुली व्हरांड्यात रडकुंडीला आल्या होत्या. त्यांचे तरुण शिक्षक मुबिता सर दारात उभे होते.

नासिलेले नावाची प्रयोगशाळेची मदतनीस हात पुसत पुढे आली. बावीस वर्षांपूर्वी ती इथे झाडू मारायला लागली होती.

"साहेब, तारा मी कापल्यात. विजेच्या जुन्या शेगडीची तार सरळ केली, एकेक मीटर मोजली, टोकं काचकागदानं घासली. सारख्या तारांचा रोध सारखाच यायचा की!"

"मावशी, दुसऱ्या शाळांत वीस मुलांची वीस उत्तरं येतात."

"तिथली टोकं गंजकी असतील. मुलींवर आळ घेण्याआधी एक तार तुम्हीच जोडून बघा."

सितालींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग कोट काढला, तार जोडली, बटण दाबलं आणि वही शोधत बसले. तोवर विद्युतधारेचा काटा हळूच खाली सरकला. त्यांनी भागाकार केला. पाचाहून जास्त!

"बघा!"

"बटण चालूच ठेवलंत साहेब. तार तापली की रोध वाढतो. बंद करा, निवू द्या. मग दाबायचं, काटा वाचायचा, लगेच सोडायचं. मुलींना मी हेच घोकवलंय."

त्यांनी तसं केलं. दीड व्होल्ट, शून्य पूर्णांक तीन अँपिअर. पाच.

त्यांनी दुसरी तार जोडली, मग तिसरी. पाच. पाच.

"शिक्षण किती तुमचं?"

"सातवी."

"साहेब," मुबिता सर पुढे होत म्हणाले, "मी याच शाळेत शिकलो. मीटर कसा वाचायचा ते मला या नासिलेले मावशींनीच दाखवलं."

सितालींनी अहवाल पुढे ओढला. 'गैरप्रकार नाही' असं लिहून त्यांनी सही केली. 'उपकरणांची मांडणी' या ओळीवर मुबिता सर सही करायला वाकले, तर सितालींनी कागद बाजूला सरकवला आणि पेन नासिलेलेपुढे धरलं.

ती उभ्यानेच लिहू लागली. नासिलेले मुकेलाबाई. ठिपक्यांची ओळ आखूड पडली. तिने अक्षरं बारीक केली नाहीत. शेवटची दोन समासाबाहेर गेली.