किन्हीराजाची पाणचक्की अजून दळते आहे

मी एक जुनी पाणचक्की आहे; पण मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा! मी किन्हीराजा गावाबाहेरच्या वस्तीवर, नाल्याकाठी उभी आहे आणि आजही दळते आहे.

बाभळीचं चाक, काळ्या पाषाणाचे दोन गोल दगड, असा माझा जन्म झाला. पाटाचं पाणी चाकावर आदळलं की वरचा दगड फिरे. साऱ्या वस्तीची ज्वारी मी दळली. मग गावात विजेची गिरणी आली आणि माझ्या अंगावर शेळ्या बसू लागल्या. मला फार राग येई.

एकदा सरपंच उकंडराव म्हणाले, "पाट बुजवून रस्ता रुंद करू."

शेतकरी प्रयागबाई उसळल्या. "वस्तीवर दिवसा लाईन राह्यते कुठं? बायांनी दळण घेऊन गावात कायले जावं? एक पोतं दळाचा मोका द्या. पीठ बेकार निघालं, तर मीच पाट बुजवीन!"

त्यांनी शिरपूरचे वेल्डिंगवाले दिलावरभाई आणले. दिलावरभाईंनी माझी कुजकी लाकडी पाती काढून लोखंडाची, वाटीसारखी खोलगट पाती बसवली. तेवढ्याच पाण्यात मी भरारा फिरू लागले. मला कोण आनंद झाला!

पण पीठ चटका बसेल इतकं गरम निघालं. प्रयागबाईंनी तिथंच चूल मांडली, तर थापतानाच भाकरी चिरली.

"घ्या, भाकरीचा नकाशा झाला!" उकंडराव हसले.

मी संतापले. सगळ्यांनी चाकाकडे पाहिलं, माझ्या गुळगुळीत झालेल्या दगडांकडे कोणीच नाही! ते दाणा फोडण्याऐवजी नुसते घासून पीठ तापवत होते.

दिलावरभाईंनी कपाळावर हात मारला. "चाक नवं केलं अन् दगडाले टाकी लावाची राह्यली! ताई, गलती माही हाय."

"मंग पाहून काय राह्यले, भाऊ? छन्नी काढा."

"मोका संपला," उकंडराव म्हणाले.

"पोतं कुठं संपलं? अर्धं बाकी हाय!"

दोघांनी दगड उतरवून छन्नीनं खरखरीत केले. घाव लागत होते, पण मी हूं की चूं केलं नाही. नंतरचं पीठ गार निघालं. भाकरी तव्यावर टम्म फुगली. उकंडरावांनी एक खाल्ली, मग दुसरी मागितली.

आठवड्यानं ते मला घालायला हार घेऊन आले. प्रयागबाई म्हणाल्या, "हार ठेवा बाजूले. दळण आनलं का?"

मित्रांनो, जुन्या वस्तूला हार घालून कोपऱ्यात बसवू नका. तिचं झिजलेलं बदला आणि तिला कामाला लावा. उद्या पुन्हा कोणी पाट बुजवायला येईल. खुशाल येऊ द्या. माझ्या घरघरीत त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येणार नाही.