जांभळाची मान

"प्रेमदासभाऊ, या साली माही गाडी पांढरीच राह्यली," अण्णाजी वैरागडे कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून म्हणाले. सूर मात्र तक्रारीचाच होता.

प्रेमदास थूल जांभळाभोवतीच्या ओट्यात शेणपाणी ओतत होता. हातातली बादली तशीच धरून तो म्हणाला, "मंग चांगलंच झालं ना, अण्णाजी."

"काय चांगलं झालं? अकरा साल झाले, आषाढ आला का मी तुमच्याशी भांडतो. गाडीवर जांभळं पडते, डाग निंगत नाई. या साली भांडाचंच राहून गेलं. आता श्रावण लागला. म्हून म्हटलं, जरा वर तं पाहा."

प्रेमदासनं वर पाहिलं. शेंड्याकडच्या फांद्या पार उघड्या पडल्या होत्या. खालची पानं होती, पण पिवळी आणि आखूड. जिथून आभाळ कधी दिसलं नव्हतं तिथून ते चांगलं घमेलंभर दिसत होतं. हे त्याला आज कळलं असं नाही. घरातल्या आजाऱ्याकडे माणूस रोज बघतो आणि कालच्यासारखंच आहे म्हणतो, तसं दीड वर्ष चाललं होतं.

सेलूत प्रेमदासला ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि त्याला शिव्या दिल्या नाहीत असंही फारसं नव्हतं. चौतीस वर्षं तो लाइनमन होता. पावसाळ्याच्या तोंडावर तारांना लागणाऱ्या फांद्या छाटणं हे त्याचं सरकारी काम. कागदावर त्याला देखभाल म्हणत. बायका अंगणात उभ्या राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि रात्री लाइट गेली की त्याच बायका "प्रेमदासभाऊ, पाहा ना जी" म्हणत दारात यायच्या.

एका झाडाला मात्र त्यानं कधी कोयता लावला नाही. लेक माधवी झाली त्या वर्षी त्याच्या बायकोनं, जिजाबाईनं, अंगणात जांभळाचं रोप लावलं आणि नवऱ्याला बजावलं, "दिवसभर लोकाइचे झाडं तोडता थे तोडा. माह्या झाडाले हात लावान तं जेवण बंद." झाड वाढलं, फांद्या घराच्या तारेपर्यंत पोचल्या. तेव्हा प्रेमदासनं स्वतःच्याच ऑफिसात रीतसर अर्ज दिला. अर्जदार तोच, पाहणी करणारा तोच, आणि शेवटी खांब रोवणाराही तोच. साऱ्या लेआउटात एकाच घराची तार झाडाला वळसा घालून जात होती. साहेब तपासणीला आले, वर बघून हसले, आणि जिजाबाईच्या हातची जांभळं खाऊन जीभ जांभळी करून गेले.

जिजाबाई तीन वर्षांपूर्वी गेली. पोट दुखतं हे तिनं सांगितलं तेव्हा डॉक्टरांकडे सांगण्यासारखं फार उरलं नव्हतं. त्याआधी वर्षभर कुणी विचारलं की ती म्हणायची, "बरं हाय जी मले."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं जमली, वंदना झाली, जेवणं झाली. माणसं गेल्यावर प्रेमदास झाडाखाली खाटेवर बसला आणि त्याच्या मनात आलं, तिच्या झाडासाठी आपण काही केलं पाहिजे. आजवर काही करायची मुभाच नव्हती. पंधरा दिवसांत त्यानं मिस्त्री बोलावून बुंध्याभोवती अडीच फूट उंच ओटा बांधून घेतला. आत शेतातली काळी माती आणून काठोकाठ भरली. कडेला फरशी लावली, समोर संगमरवरी पाटी: 'कालकथित जिजाबाई प्रेमदास थूल यांच्या स्मरणार्थ'. माणसं येऊन बसायची, कौतुक करायची. अण्णाजीसुद्धा बसायचे, फक्त जांभळाच्या दिवसांत डोक्यावर रुमाल टाकून.

पुढच्या साली फळ कमी आलं. प्रेमदासनं शेणखत घातलं. पानं पिवळी पडली, त्यानं गुळाचं पाणी दिलं. पावसानं माती खाली बसली की तो नवी माती आणून वर दाबायचा. झाड जसजसं उतरत गेलं तसतशी त्याची सेवा चढत गेली. सकाळ-संध्याकाळ बादल्या चालायच्या. नागपूरहून माधवी फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही तुमच्या गोळ्या घेता का?" तो सांगायचा, "झाडाले आज शेणपाणी देल्लं."

"काही नाई, कीड असन," तो आता अण्णाजींना म्हणाला.

"कीड असो का काही असो, वच्छलाबाईले दाखवा. मीच घेऊन येतो."

वच्छलाबाईनं वनखात्याच्या रोपवाटिकेत तीस वर्षं रोजंदारीवर पिशव्या भरल्या होत्या. लाखभर रोपं तिच्या हाताखालून गेली होती. तिचं नाव कुठल्याच फलकावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अण्णाजींच्या पांढऱ्या गाडीतून उतरली, चपला फाटकाशी काढल्या आणि झाडाभोवती एक फेरी मारली. पाटी बोटानं चाचपली, कारण तिला वाचता येत नव्हतं.

"भाऊ, याची मान कुठी हाय?"

"कोनाची?"

"झाडाची. खोड सरते अन् मूळ सुरू होते, थे मान. पोरी कामाले आल्या का पयले दिवशी आम्ही हेच सांगो. पिशवीत माती भरजो, पण मान उघडी ठेवजो. थी बुजली का रोप गेलं." तिनं ओट्याकडे पाहिलं. "हे कोनं बांधलं?"

प्रेमदास ओट्याच्या कडेवर बसला. अण्णाजींनी पहिल्यांदाच दुसरीकडे पाहिलं.

"फोडा लागन," वच्छलाबाई म्हणाली. "फोडून पाहू. काही जितं असन तं वाचन."

त्या एका वाक्यावर प्रेमदास उठला. आधी त्यानं छिन्नीनं पाटी मोकळी केली. तासभर लागला, पण कोपरासुद्धा उडू दिला नाही. ती घरात नेऊन त्यानं पलंगावर ठेवली. मग पहार घेतली. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण चौतीस वर्षं खांबावर चढलेला. फरश्या पटापट सुटल्या. अण्णाजी बंडी काढून मातीची घमेली वाहू लागले. त्यांच्या बायकोनं भिंतीवरून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि चहा पाठवला.

माती काळी, ओली, आंबूस वासाची होती. फूटभर खाली गेल्यावर बुंध्याची साल हातात आली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. वच्छलाबाईनं पहार बाजूला ठेवायला लावली आणि स्वतः बसून हातानं माती काढू लागली. प्रेमदासही समोर बसला. थोड्या वेळानं ती थांबली.

सडलेल्या सालीतून मुळ्या फुटल्या होत्या. दोऱ्यासारख्या बारीक, पांढऱ्या, शेकड्यांनी. आणि त्या खाली गेल्या नव्हत्या. साऱ्या वरच्या बाजूला वळल्या होत्या.

"हे काय?" प्रेमदासनं विचारलं.

"खालच्याइले हवा भेटे ना, म्हून यानं ह्या नव्या काढल्या. वर यायले पाहून राह्यलं होतं, भाऊ. तुमी माती टाकत गेले, थे वर येत गेलं."

तिनं बुंध्याभोवती हात फिरवला. चारी बाजूंनी बोटं आत रुतली. एका ठिकाणी फक्त वीतभर साल कडक लागली. तिथं ती जरा जास्त वेळ थांबली, मग हात लुगड्याला पुसला.

"नाई जी. उशीर झाला. अन् हे पडलं तं तुमच्या घरावर नाई, अण्णाजीच्या झोपाच्या खोलीवर पडते. पोयाच्या सणाच्या आत उतरवून घ्या."

"राहू दे जी एखादा साल," अण्णाजी घाईनं म्हणाले. "मी समोरच्या खोलीत झोपीन. अशी बी थी खोली गरमच होते."

"आत पोकळ झालं हाय, अण्णाजी. वाऱ्याचं काय, थो साल पाहून येते का?"

प्रेमदास खड्ड्यात बसूनच होता. "परवा मीच उतरवतो," तो म्हणाला. "शेंड्यापासून, दोर बांधून. दुसऱ्या कोनाचा हात लागू देणार नाई." मग, कुणाकडेच न पाहता, "काऊन सांगतलं नसन पण? मी तं रोजच विचारो."

वच्छलाबाईला वाटलं, झाडाबद्दलच बोलतो आहे. "झाड कसं सांगन, भाऊ?" ती म्हणाली आणि चपला घालायला फाटकाकडे गेली.

झिमझिम सुरू झाली. प्रेमदासनं उरलेली माती काढायचं सोडलं नाही. एकेक पांढरी मुळी मोकळी करत, तुटू न देता, तो ओंजळीनं चिखल बाजूला करत राहिला. परवा ते झाड असणार नव्हतं आणि हे त्याला त्या अंगणात सगळ्यांत नीट माहीत होतं.

अण्णाजी घरातून छत्री घेऊन आले. खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले. ती कुणावर धरावी हे काही केल्या त्यांना उमगेना, तेव्हा माणूस आणि बुंधा यांच्या बरोबर मधे ती धरून, स्वतः भिजत, ते उभे राहिले.